कुलपाचे तीन प्रश्न

मित्रांनो, निसळ सरांना एक पत्र आले होते आणि त्याचे उत्तर सरांनी कधी पाठवलेच नाही. ते पत्र आणि मी सत्तावीस वर्षे एकाच खोक्यात एकमेकांना चिकटून पडलो होतो, म्हणून त्याचा शब्द न् शब्द मला पाठ आहे. रेघांच्या वहीचे फाडलेले पान, निळी शाई, मोठी गोल अक्षरे. शेवटची ओळ अशी होती : 'उत्तराची वाट पाहते.'

मी एक जुना, भोकाभोकांचा पुठ्ठा आहे. माझ्या अंगावर मोजून तीस भोके आहेत आणि कोपऱ्यात सरांच्या बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला आहे, 'दक्षता'. मला पाहून कोणालाही वाटेल, वाळवीने खाल्लेला दिसतो. तसे नाही. एके काळी मी माणसांचा स्वभाव मोजत असे. निदान मला तसे वाटत असे.

माझा जन्म नगरच्या कापडबाजारामागच्या एका बोळात झाला. तिथे छगन नावाचा एक बाइंडर वह्या-पुस्तके बांधायचा. माधव निसळ तेव्हा शहरातल्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. सर अंगाने बारीक, बोलायला लाजरे. दुकानाच्या पायरीवर ते बराच वेळ नुसते उभे राहिले, मग पिशवीतून एक आखलेला कागद काढून म्हणाले, "असे पाच पुठ्ठे हवेत. खुणा केल्यात, तिथंच भोकं पडायला हवीत."

छगनने कागद उलटसुलट करून पाहिला. "सर, चाळणी करताय का? पुस्तकं बांधायची सोडून मला भोकं पाडायला लावताय."

"चाळणीच म्हणा," सर म्हणाले. "स्वभाव चाळायची."

"मग आमच्या घरापासून सुरुवात करा. पहिली बायकोच चाळून द्या," छगन म्हणाला आणि पंच घेऊन कामाला लागला. प्रत्येक भोक त्याने खुणेवर नेमके पाडले. छगनच्या कामात चूक नव्हती. हे मी आधीच सांगून ठेवतो.

आम्ही पाच भावंडे. मोकळेपणा, दक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक चढउतार. परदेशातल्या काही अभ्यासकांनी शब्दकोशातून माणसाच्या स्वभावाचे हजारो शब्द वेचून काढले होते. हट्टी, बोलका, कंजूष, भित्रा, उदार असे. मग कोणता शब्द कोणाच्या शेजारी बसतो ते गणिताने पाहत पाहत शेवटी त्या शब्दांच्या पाच मोळ्या बांधल्या. सरांनी त्यावरून दीडशे प्रश्नांची एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणली. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्या त्यात गेल्या. प्रत्येक प्रश्नापुढे 'होय' आणि 'नाही' अशी दोन वर्तुळे. मुलांनी पेन्सिलीने एक काळे करायचे. मग मला त्या कागदावर ठेवायचे. माझ्या भोकातून काळा ठिपका दिसला की एक गुण. तीस भोके, तीस गुण. इतके सोपे.

कॉलेजातल्या कपाटात आम्हाला जागा मिळाली. तिथे आधीपासून बडी मंडळी राहत होती. वरच्या कप्प्यात शाईच्या डागांची दहा कार्डे होती. त्यांचा रुबाब मोठा. माणसाला डाग दाखवायचा आणि विचारायचे, यात काय दिसते? कोणाला वटवाघूळ दिसे, कोणाला भांडणाऱ्या दोन बायका. कार्डे मला म्हणायची, "अरे पुठ्ठ्या, मनाला बळद असते. घर वर दिसते, धान्य खाली अंधारात भरलेले असते. लहानपणी जे आत पडले, ते मोठेपणी वर येते. तुझ्या होय-नाहीने बळदाचे झाकणसुद्धा उघडायचे नाही."

खालच्या कप्प्यात एक कव्हर निसटलेले पुस्तक होते. त्याला बळदही मान्य नव्हते आणि मोळ्याही. "माणूस सभोवतालातून शिकतो," ते म्हणायचे. "आज ज्याला तुम्ही भित्रा म्हणता, त्याची जागा बदला, चार वेळा शाबासकी द्या, मग बघा. तुम्ही सगळे माणसाला बरणीत घालता आणि वर चिठ्ठी डकवता."

त्याच्या शेजारचे दुसरे पुस्तक सौम्य होते. त्याचे म्हणणे असे, की माणूस बियाण्यासारखा असतो. त्याला कोणीतरी विश्वासाने ओल दिली, की तो आपल्या आपण उगवतो. हे पुस्तक सरांच्या आवडीचे होते. पण गुण देता येत नाहीत, म्हणून कपाटाबाहेर ते क्वचितच यायचे.

मी या सगळ्यांना हसत असे. माझ्याजवळ आकडे होते. सर वर्गात वात-पित्त-कफ आणि सत्त्व-रज-तमापासून सुरुवात करायचे आणि शेवटी आमच्यापाशी यायचे. ते सांगायचे, "चाचणीला दोन कसोट्या. एक, तिनं आज एक आणि उद्या एक असं सांगू नये. दोन, जे मोजायचं म्हणते तेच तिनं मोजावं. उसाच्या गाडीचा वजनकाटा रोज बरोबर वजन दाखवतो. पण त्यावर उभं राहून उंची विचारलीत तर?" मुले हसायची. मीही हसायचो. पुण्याच्या एका परिषदेत सरांच्या प्रश्नावलीचे कौतुक झाले. दुसऱ्या कॉलेजांतले प्राध्यापक आम्हाला चार-चार दिवस उसने न्यायचे. मला वाटायचे, माझ्या तीस भोकांतून जे दिसते तोच माणूस. उरलेला कागद म्हणजे नुसता कागद.

एक गोष्ट मात्र तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. किती गुण म्हणजे बरे आणि किती म्हणजे कमी, हे ठरवायला सरांनी तीनशे मुलांना प्रश्नावली दिली होती. ती सगळी शहरातली, कॉलेजच्या आसपास राहणारी.

त्यानंतरच्या जून महिन्यात ती मुलगी आली.

शहरातली एक संस्था ऐकू न येणाऱ्या लहान मुलांचे वसतिगृह चालवायची. त्यांना मुले सांभाळायला आणि शिकवायला दोन मुली हव्या होत्या. वर्षभर संस्था त्यांना काम शिकवणार, मग तिथेच नेमणूक. अकरा अर्ज आले. संस्थेच्या अध्यक्षांनी सरांना निरोप पाठवला : मुले लहान आहेत, हाक मारली तर त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा दक्ष मुलगीच हवी, तुमच्या चाचणीने निवडून द्या. अठराच्या वर गुण असतील तिलाच घेऊ.

सरांना 'नाही' म्हणता येत नसे. त्यांनी होकार दिला.

अकरातली एक होती मनकर्णा, शनिशिंगणापूरची. वय वीस. तिचे वडील कानिफनाथ तिला घेऊन आले होते. शेती करणारे, डोक्याला टोपी, हातात जेवणाचा डबा. परीक्षेच्या खोलीच्या दारातून ते सारखे आत डोकावत होते.

"पोरगी हुशार हाय, सर," ते म्हणाले. "आमच्या वस्तीवर एक मुकं पोरगं हाय. त्याच्याशी ही हातानं बोलती. दोघं एवढं बोलत्यात, की आमालाच मदी काय कळत न्हाई."

"अण्णा, तुम्ही बाहेर बसा बरं," मनकर्णा दबक्या आवाजात म्हणाली, आणि बाकीच्या मुली खुदकन हसल्या.

तिने दीडशे प्रश्न मन लावून सोडवले. संध्याकाळी सरांनी मला तिच्या कागदावर ठेवले. मी माझ्या भोकांतून पाहू लागलो. ठिपका, ठिपका, ठिपका. सत्ताविसाव्या प्रश्नापाशी भोक कोरे. 'घराबाहेर पडताना दाराला कुलूप लावल्याची तुम्ही खात्री करून घेता का?' तिने 'नाही'चे वर्तुळ भरले होते. पुढे चौऱ्याहत्तरावा. 'झोपण्यापूर्वी दाराच्या कड्या लागल्या आहेत का हे तुम्ही पाहता का?' नाही. एकशे अठरावा. 'आपल्या मौल्यवान वस्तू तुम्ही कुलूपबंद ठेवता का?' नाही.

इतर मुलींसारखी तिचीही इकडची तिकडची दहा भोके कोरी होती. सरांनी गुण मोजले. सतरा.

पुन्हा मोजले. सतराच. काटा रोज बरोबर वजन दाखवतो ना, तसा मी दोन्ही वेळा सारखेच बोललो.

सरांनी अहवालात लिहिले : 'दक्षता अपेक्षेपेक्षा कमी. लहान मुलांची जबाबदारी स्वतंत्रपणे सोपवणे योग्य ठरणार नाही.' असली वाक्ये इंग्रजी पुस्तकात असत, ती सरांनी मराठीत बेतून ठेवली होती. खाली सही केली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी सगळ्यांसमोर अकराही अहवाल मोठ्याने वाचले. सर भिंतीशी उभे होते. मला सरांच्या हातातल्या फाइलमधून फक्त आवाज येत होते. मनकर्णाचे वाक्य वाचून झाले आणि कानिफनाथ म्हणाले, "म्हंजी? पोरगी बेफिकीर हाय, असं म्हनायचं का तुमाला?"

"तसं शास्त्र सांगतं," अध्यक्ष म्हणाले.

सर माझ्या फाइलची नाडी बांधत राहिले. बापलेक एसटी स्टँडकडे निघून गेले.

आठ-दहा दिवसांनी ते पत्र आले. त्यात तिने लिहिले होते :

'सर, साष्टांग नमस्कार. मी तुमच्यावर रागवलेली नाही. पण माझ्यात काय कमी आहे ते मला कळाले तर मी सुधारीन. कुलपाचे तीन प्रश्न होते, त्याला मी नाही लिहिले. आमच्या गावात घरांना दारे नसतात. मग कुलूप लावते असे खोटे कसे लिहू? ते चुकले का? तिथे काय लिहायचे होते तेवढे कळवा. उत्तराची वाट पाहते.'

सरांनी पत्र वाचले आणि ते खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. मित्रांनो, शिंगणापूरच्या घरांना दारे नसतात, शनिदेवाच्या भरवशावर गाव उघडे झोपते, हे नगर जिल्ह्यातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. सरांनाही ठाऊक होते. ते स्वतः तिथे दोनदा जाऊन आले होते. पण इंग्रजीतला प्रश्न मराठीत आणताना त्यांनी शब्दांकडे पाहिले, गावाकडे पाहिले नाही. 'लॉक'ला 'कुलूप' अगदी चपखल बसले, म्हणून ते खूशही झाले होते. जिथे दारच नाही तिथे कुलूप न लावणे हा बेफिकीरपणा कसा होईल? तिने खरे लिहिले आणि खरे लिहिल्याबद्दल माझ्या तीन भोकांनी तिचे तीन गुण कापले. ते प्रश्न सोडून मोजले असते, तर तिसांत अठराच्या हिशेबाने सत्ताविसात सतरा गुण पुरेसे होते.

त्यांनी उत्तर लिहायला घेतले, फाडले. पुन्हा लिहिले, पुन्हा फाडले. संस्थेत दोन मुली कधीच्या रुजू झाल्या होत्या. अध्यक्षांपुढे जाऊन आपली चूक सांगायचे धाडस सरांना होईना. आठवडा गेला, महिना गेला. मग इतक्या उशिरा काय लिहायचे, असे वाटू लागले. उशिराचे एक असते, तो रोज एका दिवसाने वाढतो आणि माणूस रोज नव्याने लाजतो. शेवटी त्यांनी तिची उत्तरपत्रिका, तिचे पत्र आणि मला एका खोक्यात ठेवले, सुतळीने बांधले आणि घरच्या माळ्यावर टाकले.

त्यानंतर सरांनी मला कोणत्याही कागदावर ठेवले नाही. चाचणी जुनी झाली, असे ते सांगत. वर्गात मात्र चाचणीच्या दुसऱ्या कसोटीवर ते तासन् तास बोलू लागले. मुले कंटाळत. सर निवृत्त झाले. मी धूळ खात पडलो, आणि ते योग्यच होते.

या वर्षी पावसाळा सरल्यावर सरांची पुतणी मनवा पुण्याहून आली. ती एका शाळेत समुपदेशक आहे, म्हणजे मुलांच्या मनातले ऐकून त्यांना वाट दाखवायची. माळा आवरायला म्हणून ती वर चढली आणि आमचे खोके घेऊन खाली उतरली.

"काका, हे काय? भोकांचा पुठ्ठा! आम्ही हे फक्त पुस्तकात वाचलं. आता मोबाईलवर दहा मिनिटांत निकाल येतो."

"अजून तेच प्रश्न असतात का?" सरांनी विचारले. त्यांची नजर खोक्यातल्या पत्रावर होती.

"साधारण तेच. मागच्या महिन्यात देवळाली प्रवरा इथल्या एका शाळेत गेले होते. प्रश्न होता, पार्टीमध्ये अनोळखी लोकांशी बोलायला तुम्हाला आवडतं का? एक मुलगा हात वर करून विचारतो, मॅडम, कोणती पार्टी? आमच्या घरात दोन्ही पार्ट्यांचे लोक आहेत." मनवा हसली. सर हसले नाहीत. तेवढ्यात तिने पत्र उलगडले होते.

वाचून झाल्यावर तिने हळूच विचारले, "काका, हिला उत्तर दिलंत ना?"

सरांनी मान हलवली. नाही.

"का?"

"कळेना काय लिहावं. आणि आता... आता तिला आठवतही नसेल गं."

"आठवत नसेल तर तुमचं पत्र वाचून बाजूला ठेवेल," मनवा म्हणाली. "पण आठवत असेल तर?"

रात्रभर ते कूस बदलत राहिले असावेत, कारण सकाळी मनवाच्या आधी तेच चपला घालून तयार होते. पत्र, उत्तरपत्रिका आणि मी, तिघे त्यांच्या शबनम पिशवीत. मंगळवार होता. घोडेगावच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रसवंत्या लागल्या. सरांनी तीन वेळा "परत फिरू या का?" असे विचारले आणि मनवाने तिन्ही वेळा गाडीचा वेग वाढवला.

पत्रावरचे नाव सांगितल्यावर एका दुकानदाराने घर दाखवले. चौकटीला दार नव्हते, कुत्रे आत येऊ नये म्हणून आडवी लावलेली एक फळी होती. ओट्यावर सत्तरीला आलेली एक बाई रुईच्या पानांच्या माळा करत बसली होती. ती मनकर्णाची आई, साळूबाई.

"मनकर्णा इथंच राहते का?" मनवाने विचारले.

"ती काष्टीला दिलीया. ह्ये तिच्या बापाचं घर. बाप बी गेला, आता मी एकली. तुमी कोन म्हनायचं?"

सर मनवाच्या मागे सरकले. मनवाच म्हणाली, "हे निसळ सर. नगरच्या कॉलेजातले."

साळूबाईचे हात थांबले. "ते परीक्षावालं?"

"होय," सर म्हणाले.

"या की मग. उंबऱ्यात किती येळ उबं ऱ्हानार? इथं कडी वाजवायची सोय न्हाई."

सर आत गेले, खाली बसले आणि एका दमात म्हणाले, "मी तिच्या पत्राला उत्तर दिलं नाही. तिची काही चूक नव्हती. चूक माझी होती. ती मला तेव्हाच कळली होती."

साळूबाई माळ घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली. "तवाच कळली हुती?"

"तेव्हाच."

"चार म्हैनं पोरगी पोस्टमनच्या सायकलीकडं बघत हुती," ती म्हणाली. "मंग बघायची ऱ्हायली. लगीन करून दिलं. सासरची मानसं चांगली हायती. पर तुमचं ते वाक्य तिनं पदराला बांधून नेलं बगा. गॅस बंद केला का म्हनून चार-चार येळा उठती. गावातली म्हनाली, अंगनवाडीत लाग. न्हाई म्हनली. म्हनं माज्यात जबाबदारी न्हाई, तपासून बगितल्यालं हाय."

सरांनी चष्मा काढून हातात धरला.

"आन आता तर लईच झालंय. तिची लेक ज्ञानेश्वरी, श्रीगोंद्याला दवाखान्यात नर्स हाय. बाळंतपनाला आईकडं आली. पोरगं सा म्हैन्याचं झालं. येत्या सोमवारी तिची रजा संपती. बाळापाशी आईनं ऱ्हावं, एवढंच मागती पोरगी. तर ही म्हनती, दुसरं कुनी असंल तर मी ऱ्हाते, एकली न्हाई ऱ्हानार. माज्यावर लेकरू टाकू नगा. मायलेकी दोगी रडत्यात. असंच चाललं तर नोकरी सोडावी लागंल तिला."

"मी आत्ताच काष्टीला जातो," सर उठत म्हणाले. "तिला समोर बसून सांगतो."

"नगं."

"का?"

"तुमी बोलशीला, ती ऐकंल, च्या पाजंल. आन तुमी गेल्यावर म्हनंल, म्हातारं मानूस, आपल्याला बरं वाटावं म्हनून बोललं. तवा तुमी लिवून दिलं हुतं. आता बी लिवूनच द्या. सही करून." साळूबाईने माळेत एक पान ओवले. "आन मास्तर, सोपं लिवा. तवाचं कुनालाच कळलं नव्हतं, तरी बी समद्यांना पटलं."

सरांनी खाली मान घातली. "तुम्हाला माझा राग येत असेल."

"लई आला हुता. पर आता रागवाय येळ न्हाई. सोमवार आला जवळ. पत्ता लिवून घ्या."

घरी आल्यावर सर टेबलाशी बसले. मी त्यांच्या कोपराजवळ होतो, त्यामुळे सगळे पाहिले. पहिला कागद 'चि. मनकर्णा' एवढे लिहून फाटला, कारण ती आता आजी झाली होती. दुसऱ्यावर चूक कोणत्या परिस्थितीत घडली याचे अर्धे पान झाले. ते मनवाने वाचून परत दिले. "काका, हे तुमच्यासाठी आहे. तिच्यासाठी लिहा." तिसरा कागद मात्र फाटला नाही.

'सौ. मनकर्णाताई यांस सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारले होते, कुलपाच्या प्रश्नांना काय लिहायचे होते. तुम्ही लिहिले तेच बरोबर होते. घराला दार नसताना कुलूप लावते असे लिहिले असते, तर ते खोटे झाले असते. चूक प्रश्नांत होती. ते प्रश्न मी लिहिले होते. तुमचे पत्र वाचले त्याच दिवशी मला हे कळले. तरी मी कळवले नाही. मला लाज वाटली आणि भीती वाटली. त्याची फार मोठी किंमत तुम्ही मोजली. मी तुमची क्षमा मागतो.

ते तीन प्रश्न वगळले, तर तुमचे गुण पुरेसे होते. पण पुरेसे नसते, तरी दीडशे प्रश्नांवरून कोणाच्या हाती लेकरू द्यावे हे ठरवायचा अधिकार मला नव्हता. बाळ सांभाळणे तुम्हाला जमेल की नाही, हे मी सांगू शकत नाही. कोणताही कागद सांगू शकत नाही. मात्र ज्या कागदाने तुम्हाला नाही म्हटले, तो कागद चुकीचा होता, हे मी खात्रीने सांगतो. मी केलेला तो अहवाल या पत्राने रद्द करत आहे.

तुमची उत्तरपत्रिका आणि ज्या पुठ्ठ्याने मी ती तपासली तो पुठ्ठा सोबत पाठवत आहे. तीन भोकांभोवती लाल गोल केले आहेत. पुठ्ठा कागदावर ठेवून स्वतः पाहा.

माधव निसळ'

खाली त्यांनी सही केली. ती जरा वाकडी आली, म्हणून तिच्याखाली पुन्हा एकदा स्वच्छ केली. पाकिटावर काष्टीचा पत्ता घातला. जिल्ह्याच्या जागी सवयीने 'अहमदनगर' लिहून गेले, ते खोडून 'अहिल्यानगर' केले आणि खाडाखोड वाईट दिसते का, असे मनवाला दोनदा विचारले. तिने पाकीटच हातातून काढून घेतले आणि ते चिकटवले.

मित्रांनो, अंधारात, घडी घातलेल्या पत्राशेजारी मी उभा राहिलो, तेव्हा मला एक गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटली. बळदवाली कार्डे, बरण्यांना हसणारे ते पुस्तक, बियाण्यावर विश्वास ठेवणारे दुसरे पुस्तक, आणि आम्ही मोळ्यांची भावंडे, आम्ही कोणीच अगदी खोटे नव्हतो. आम्हाला प्रत्येकाला माणसाचे थोडेथोडे दिसत होते. मी तर तीसच जागी पाहत होतो. तुम्हीही एकमेकांना असेच मोजता. हा आळशी, ती भांडखोर, तो घुम्या. मोजा, माझी ना नाही. पण मोजून झाले की पुठ्ठा उचलून खालचा सगळा कागद एकदा वाचा. जे कळले नाही ते त्या माणसाला विचारा. आणि आपले चुकले असे ज्या दिवशी कळेल, त्याच दिवशी ते कळवा. उशिराला लाजून उशीर कमी होत नाही.

बुधवारी सकाळी पोस्ट उघडताच सर खिडकीशी हजर होते. खिडकीतल्या बाईंनी पाकीट दाबून पाहिले.

"आत काय आहे, काका? कडक लागतंय."

"पुठ्ठा आहे. जुना."

"साध्या टपालानं पाठवू? चार-पाच दिवस लागतील."

"नको, नको," सर घाईने म्हणाले. इतक्या मोठ्याने ते कधीच बोलले नव्हते. रांगेतल्या लोकांनी वळून पाहिले. "सोमवारच्या आत पोचायला हवं."

"मग स्पीड पोस्ट करते. शुक्रवार, नाहीतर शनिवार. फोन नंबर घाला."

सरांनी आपला नंबर घातला. बाईंनी पाकिटावर पट्टी डकवली, शिक्का मारला आणि मागे हात करून आम्हाला काष्टीकडच्या थैलीत टाकले.